सायकल टॅक्सीतल्या सवारीचा विमा कोण काढणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नांदेडच्या रेल्वे स्टेशनापासून गुरुद्वाऱ्यापर्यंत भाविकांसाठी पायडलवर चालणाऱ्या टॅक्स्या सुरू कराव्यात, असं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे वाचलं. कल्पना मला पटली. धूर नाही, कर्णकर्कश भोंगा नाही, जुन्या गल्ल्यांतून सहज निघते. पण त्या अख्ख्या पत्रात विमा हा शब्द एकदाही आला नाही. मी आयुष्यभर अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या वकिलांकडे कारकुनी केली, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

आमच्याकडे पेट्रोलवर चालणारीला ऑटो म्हणतात. रिक्षा म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला सायकल रिक्षाच आठवते. मला तर एकच आठवते. 1996 साली माझी मावशी मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, सामान घेऊन सायकल रिक्षाने घरी येत होती. उतारावर ब्रेकची तार तुटली, रिक्षा कलंडली आणि मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. रिक्षावाला पळाला नाही. त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन दीडशे रुपये तिच्या उशाशी ठेवून गेला. घरातले मला म्हणाले, तू लोकांचे क्लेम लावतोस, आता आपलाही लाव. मी मोठ्या उत्साहाने फाईल बांधली. वकीलसाहेबांनी पहिलं पान वाचलं आणि फाईल माझ्याकडे सरकवली. "अरे, यात मोटार कुठंय?"

सगळी गोम तिथेच आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातलं मोटार वाहन म्हणजे यंत्राच्या शक्तीवर चालणारं वाहन. माणसाच्या पोटऱ्या त्यात बसत नाहीत. म्हणून सायकल रिक्षाला पासिंग नाही, नंबरप्लेट नाही, कलम 146 ची सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, नाही, आणि ती आपोआप उलटली तर अपघात न्यायाधिकरणाचं दारही बंद. दिवाणी कोर्टात जाता येतं. पण उशाशी दीडशे रुपये ठेवून जाणाऱ्या माणसाविरुद्ध हुकूमनामा मिळाला, तरी वसूल काय करणार? हीच मावशी ऑटोत बसली असती तर त्या वेळच्या कलम 140 खाली, चूक कुणाची याची चौकशी न करता, कायमच्या अपंगत्वासाठी 25 हजार मागता आले असते. फरक फक्त इंजिनाचा.

ट्रकने सायकल रिक्षाला ठोकरलं तर ट्रकच्या विम्यातून भरपाई मागता येते. ट्रक पळून गेला तरी 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार अशी सरकारी तरतूद आहे. वांधा आहे तो रिक्षाच्या स्वतःच्या चुकीचा: ब्रेक गेला, साखळी निसटली, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला धक्का लागला. तेव्हा सवारीच्या मागे कुणीच उभं नसतं.

यावर काहीजण म्हणतील, मग बॅटरी बसवा. अहो, बॅटरी बसवून ई-रिक्षा केली की नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागू होतं. मग ती पायडलची राहिलीच कुठे?

बंदी घाला असंही मी म्हणत नाही. दिल्लीत पालिकेने सायकल रिक्षांची संख्या 99 हजारांवर अडवून ठेवली होती; उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मर्यादा रद्द केली. तिकडे लंडनमध्येही पायडलच्या टॅक्स्या वर्षानुवर्षं मोकाट होत्या, आणि 2024 मध्ये त्यांना परवान्याखाली आणण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याला दिल्ली-लंडनइतकी वाट बघायची गरज नाही, कारण आपल्याकडे अजून एकही गाडी सुटलेली नाही.

महापालिकेने उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, करून चालकाला बिल्ला द्यावा आणि गाडीला नंबर. ट्रॅफिक पोलिसाच्या हातात चालानचं यंत्र असलं तरी नंबरच नसलेल्या गाडीचं तो काय टाइप करणार? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खाली वाहतुकीचे नियम करता येतात. त्यात सवाऱ्या दोनच, उलट्या बाजूने जायचं नाही, अंधारात मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवाच, एवढं तरी यावं. वर्षातून एकदा ब्रेक कुणीतरी हाताने ओढून बघावा. माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हे मोठं.

आणि पॉलिसी. चालकासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख. पण तो त्याचा स्वतःचा विमा झाला, सवारीला त्यातून दमडी मिळत नाही. सवारीसाठी आणि रस्त्यावरच्या माणसासाठी सगळ्या गाड्यांची मिळून एक सामूहिक पॉलिसी घ्यावी लागेल. तिचा हप्ता परवान्याच्या शुल्कातून भरावा, एकेकट्या चालकाच्या गळ्यात मारू नये. दिवसभर पायडल मारणाऱ्याला विमा कंपनीच्या खिडकीशी उभं राहायला वेळ नसतो.

पहिली टॅक्सी स्टेशनाबाहेर लागेल त्या दिवशी तिच्या सीटमागे पॉलिसीचा नंबर ठळक रंगवलेला असावा, एवढी विनंती. मी वाचायला येणार आहे.

आपला,
एक निवृत्त कारकून, नांदेड