पीएसए वाढला म्हणून इंजेक्शन सोडू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रोस्टेटच्या कर्करोगावरील हार्मोनरोधक इंजेक्शन सुरुवातीला चांगले लागू पडते. पुढे पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे, रोगाचा चढउतार दाखवणारे प्रथिन) पुन्हा चढू लागला की औषध बनावट होते किंवा डॉक्टरांनी फसवले, असा समज आपल्या खान्देशात अनेक घरांत होतो आणि रुग्ण इंजेक्शनच बंद करतो. त्यासंबंधी थोडे लिहीत आहे.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटवले की हा रोग आवरतो, हे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले व त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. उपचार आजही त्याच पायावर उभा आहे. परंतु रक्तातील हार्मोन घटले तरी पेशीतील अँड्रोजेन रिसेप्टर (पुरुषी हार्मोन जेथे जुळते व पेशीला वाढीचा इशारा मिळतो ते प्रथिन) स्वस्थ बसतोच असे नाही. काही पेशींत या रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती होतात आणि मग अत्यल्प हार्मोनही त्यांना पुरते. काही पेशी अ‍ॅड्रीनल (मूत्रपिंडांवरील) ग्रंथींतून येणाऱ्या द्रव्यांपासून आपले हार्मोन आपणच तयार करतात. रिसेप्टरची घडण बदलली, तर बायकॅल्युटामाइडसारखे रोधक औषध उलट त्यालाच चेतवू शकते. ते थांबवताच काही रुग्णांचा पीएसए उतरतो, तो बहुधा यामुळे. रिसेप्टरच्या एआर-व्ही७ या रूपात तर हार्मोन जेथे जुळते तो भागच नसतो, म्हणजे किल्ली न लावता मोटारसायकल चालू राहावी तसा प्रकार, आणि एन्झाल्युटामाइड या नव्या रोधक औषधालाही नेमकी तीच जागा लागते, म्हणून तेही तेथे लागू पडत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. पीएसए वाढल्यास त्याच रक्तात टेस्टोस्टेरॉनही तपासावे. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली नसेल, तर दोष डोस चुकल्याचा किंवा इंजेक्शनचा असू शकतो. खाली असूनही रोग वाढत असेल, तरच पेशी दाद देईनाशा झाल्या असे म्हणता येते. बनावट औषधाची शंकाही या साध्या तपासणीने बरीचशी निकालात निघते. शिवाय अशा पेशी बहुधा त्याच रिसेप्टरवर जगत असतात, म्हणून मूळ इंजेक्शन सहसा चालू ठेवूनच अ‍ॅबिराटेरोन (हार्मोन बनणे रोखणारे), एन्झाल्युटामाइड किंवा डोसिटॅक्सेल (केमोथेरपीचे औषध) जोडतात. ते बंद केल्यास टेस्टोस्टेरॉन वाढून रोगाला आयतेच खाद्य मिळते.

जळगाव, धुळे व नंदुरबार येथील रुग्णालयांनी ही माहिती पहिल्या इंजेक्शनच्या वेळीच लेखी द्यावी आणि, मुंबईच्या छापील पत्रकांवर न विसंबता, घरच्या माणसांना अहिराणीतूनही समजावून सांगावी, ही विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, अमळनेर