वहिनी, आग्रह न केल्याबद्दल आभार

प्रिय वहिनी,

समोरासमोर हे बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहितोय. आणि चार लोकांनी वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. स्लीव्ह नावाच्या या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढतात, उरतं ते लहानशा वाटीएवढं. त्या वाटीच्या हिशेबानं जेवायला मात्र तुम्ही शिकवलंत. आधी नुसतं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. आहारतज्ज्ञ बाईंचा कागद तुम्ही फ्रिजवर लावलात आणि तो आपल्या स्वयंपाकात बसवलात. मुगाचं वरण घोटून, गाळून, वर थोडं लिंबू. आजाऱ्याचं जेवण जेवतोय असं कधी वाटलं नाही.

प्रथिनं आधी, म्हणून माझ्या पानात वरण, पनीर पहिलं आणि भात शेवटी, तोही पोटात जागा असली तर. घास पार बारीक होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, म्हणून तुम्ही तांब्याच उचलून न्यायचात.

एकदा पनीर छातीत अडकल्यासारखं झालं, तोंडात लाळ दाटून आली. सगळे पाणी घेऊन धावले. तुम्ही ते देऊ दिलं नाहीत, मला उभं केलंत आणि शांतपणे अंगणात फिरवलंत. थोड्या वेळानं मोकळं वाटलं.

पण खरे आभार आहेत ते आग्रह न केल्याबद्दल, आणि इतरांनाही करू न दिल्याबद्दल. आपल्या रामबागेतल्या घरात पाहुण्यांची पंगत म्हणजे काय, हे सांगायला नको. आत्या श्रीखंडाचं पातेलं घेऊन आल्या, "एवढंच?" म्हणाल्या, तेव्हा तुम्ही मधे उभ्या राहिलात: "भाऊजींचं जेवण चाललंय अजून, आत्या. सावकाश होऊ दे." त्यानंतर माझ्या वाटीकडे कुणी टक लावून पाहिलं नाही.

सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, तोही तुम्ही सोडायला लावला नाहीत. इंदूरच्या माणसाला ते फार जड गेलं असतं. भुट्ट्याच्या कीसाचा एकच द्रोण घ्यायचा, मला दोन-तीन चमचे, बाकीचा दादाला.

आता अर्ध्या तासात एक फुलका, वाटीभर वरण आणि थोडी भाजी आरामात होते. तोवर तुम्ही समोर बसून राहायचात, तुमची कामं खोळंबलेली असायची, हे मला दिसत होतं. मनापासून आभार.

तुमचा धाकटा दीर,
इंदूर