अठ्ठ्याऐंशी वलयं आणि नऊ चिंचोके

बाबा, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांनीही वाचावं, म्हणून ते उघडं लिहिते आहे. तुम्ही शाळेत येऊन गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. निघताना तुम्हाला धड 'या बाबा' म्हणणंही जमलं नाही मला. घसा दाटला होता आणि तिकडे खिचडी खाली लागत होती. त्या धांदलीत राहिलेलं आज लिहिते.

तिसरीच्या पोरांना आपल्या भागाची ओळख करून द्यायची होती. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानात राहायचं आणि झाडं कुणी तोडली, कुणासाठी तोडली, हे सोडून बाकी सगळं शिकवायचं, हे मला पटेना. म्हणून मी माणसं शोधत फिरले. एका साहेबांकडे अर्ज घेऊन तीनदा गेले. ते आले, एक रोप लावलं, 'झाडे लावा, झाडे जगवा' पोरांकडून घोकून घेतलं, फोटो काढले आणि वीस मिनिटांत गाडीत बसले. ते रोप मेमध्ये वाळलं. दुसरे एक जाणकार म्हणाले, "एवढ्याशा लेकरांना कशाला तोडीचं सांगता मॅडम? कमलापूरच्या हत्ती कॅम्पला नेऊन हत्ती दाखवा." तिसऱ्यांनी फोनच उचलला नाही. मग स्वयंपाकाच्या ताईंनी तुमचं नाव सांगितलं. मी मनात म्हटलं, कूपकटाईचे, म्हणजे जंगलतोडीचे मजूर, ते काय शिकवणार? बाबा, हे तुम्हाला सांगितलेलं बरं. साहेबांवर रागावताना माझ्याही मनात तेच होतं जे त्यांच्या मनात होतं.

तुम्ही आलात ते कुऱ्हाडीचं पातं दुपट्ट्यात गुंडाळून. पोरांना लाकूडतोड्या माहीत होता तो फक्त गोष्टीतला, त्यामुळे पहिला प्रश्न आला, "तुमची कुऱ्हाड सोन्याची होती का?" तुम्ही पोटभर हसलात. पण दुसरा प्रश्न आला आणि मी धसकले. "तुम्ही झाडं मारली?" मी पुढे होऊन काहीतरी सावरून घेणार, तोच तुम्ही म्हणालात, "तोडलो ना. मीच तोडलो. चौदा वर्षांचा होतो, बापासंगं गेलो कुपात." पुढे सबब नाही की फुशारकी नाही. पोरं नुसती बघत राहिली, आणि मग एकदम सगळ्यांना सगळं विचारायचं होतं.

कूप म्हणजे जंगलाचा पाळीपाळीनं तोडायला आखलेला तुकडा, निशाणी केलेलंच झाड पाडायचं, मग ओंडक्यावर आणि थुटावरही, म्हणजे जमिनीत उरलेल्या बुंध्यावरही, हातोड्याचा छाप मारायचा, म्हणजे तोड चोरीची की कायद्याची ते थुट बघून कळतं. हे सगळं मी त्या दिवशी तुमच्याकडून शिकले. माझ्या तक्त्यावर 'जंगलतोड' एवढा एकच शब्द होता. कमलापूरचे हत्ती पोरांनी पाहिले होते, पण त्यांच्या लेखी हत्ती म्हणजे केळी खाणारा आणि फोटोत येणारा. त्यांनी ओंडके ओढले, हे ऐकल्यावर एकीनं विचारलं, "त्यांना मजुरी काय मिळायची?" तुम्ही म्हणालात, "माझ्यापेक्षा खाणं चांगलं होतं त्याचं."

पण मी पत्र लिहायला बसले ते थुटासाठी.

शाळेच्या कुंपणालगतचा तो साग २०१३ मध्ये रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. त्याच्या थुटावर आम्ही रोज दप्तरं ठेवतो. तुम्ही आदल्या संध्याकाळी कुणाला न सांगता येऊन ते थुट तासून, धुऊन ठेवलं होतं. सकाळी बघते तर वलयं अशी स्वच्छ, की कुणी पेन्सिलनं काढावीत. सागाची वलयं उठून दिसतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, बोट ठेवून कधी मोजली नव्हती. दर वर्षाचं एक वलय, म्हणून सालीकडून आत मोजत गेलो. अठ्ठ्याऐंशी भरली, पुढे पोकळ. मी वर्ष सांगायचं आणि तुम्ही खिशातला चिंचोका त्या वलयावर ठेवायचा, असं ठरलं.

१९२७ चा वन कायदा अगदी आत, पोकळीच्या काठाशी. त्याच्याजवळच १९३०, पुसदला जंगल सत्याग्रहात बापूजी अण्यांनी कायदा मोडून गवत कापलं आणि त्यांना अटक झाली ते साल. "गवत कापलं म्हणून?" पोरांना ते खरंच वाटेना. १९५१ ला जमीनदारी गेली आणि अहेरीकडचं जंगल सरकारकडे आलं. मग तुमचं पहिलं कूप, तुमचं लग्न. वनहक्काचा २००६ चा कायदा आणि मेंढा-लेखाला गावाचं जंगल मिळालं ते २००९, हे दोन चिंचोके थेट सालीला टेकले. एका पोरीनं बरोबर पकडलं, "आपले चिंचोके एवढ्या उशिरा का?" मला उत्तर देता आलं नाही. रेल्वेचं मी विचारलं. १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी सुटली आणि मग रुळांखालच्या स्लीपरांसाठी देशभर जंगलं पडत गेली. तुम्ही पोकळीत बोट घालून म्हणालात, "ते हितं गेलं. झाड जन्मायच्या आधी."

या मोजणीत एक पोरगा मागे राहिला होता. सगळे अठ्ठ्याऐंशीला पोचून उड्या मारत होते आणि तो अजून तिसाच्या आसपास कुठंतरी, पुन्हा पुन्हा चुकत. दोन वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलला नसेल. मराठी त्याच्या घरी कुणी बोलत नाही आणि माडिया मला येत नाही, ही माझी लाज. मी घड्याळ बघून म्हटलं, "चला, झालं." तुम्ही हात वर केलात. "त्याचं होऊ द्या बाई."

मग तुम्ही उकिडवे बसलात, त्याचं बोट आपल्या बोटात धरलंत आणि पुन्हा सालीपासून सुरू केलंत. उंदी, रेंड, मूंद. पुढे मराठी आकडे आले, पण सुरुवात त्याच्या भाषेतली होती, म्हणून तो पुढेही न अडखळता गेला. तुमचे गुडघे दुखत होते, मला दिसत होतं. एकदाही तुम्ही त्याच्या पुढचा आकडा आधी म्हटला नाहीत. बाकीची पोरं आपोआप गप्प झाली. साहेबांची वीस मिनिटं आणि तुमची ही सात-आठ मिनिटं यांचा हिशेब मी त्या दिवसापासून करते आहे. माणूस चांगला असतो म्हणजे नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं तर मी ते उकिडवं बसणं सांगेन. डिग्री, हुद्दा, प्रशिक्षण यातलं काही त्याला लागत नाही. आम्हा शिक्षकांना ते रोज जमत नाही, म्हणून टोचतं.

अठ्ठ्याऐंशी झाल्यावर तो तुम्हाला माडियात काहीतरी बोलला. मी विचारलं, काय म्हणतो? तुम्ही म्हणालात, "म्हणतो, यात मी कुठं हाय?"

त्याचा जन्म झाड पडल्यानंतरचा. लाकडात त्याचं वलय नाहीच. मला हे सुचलं आणि पुढे काहीच सुचलं नाही. तुम्ही खिशातला शेवटचा चिंचोका काढलात, थुटाच्या बाजूनं जो फुटवा निघालाय, त्याच्या बुडाशी मातीत ठेवलात आणि त्याला म्हणालात, "हितं."

आता त्या फुटव्याभोवती पोरांनी काट्याकुट्याचं कुंपण केलंय. दप्तरं दुसरीकडे ठेवतो. तो पोरगा परवा खिडकीचे गज मोजत होता, उंदी, रेंड करत, आणि मी त्याच्या मागे हळूच म्हणून बघत होते. माझे उच्चार ऐकून तो हसला.

बाबा, तुमचे आठ चिंचोके माझ्या टेबलाच्या खणात आहेत. नववा त्यानं मातीतून काढून घरी नेलाय, परत देत नाही. बाकीचे न्यायला एकदा या.

तुमची,
शाळेतल्या बाई