उजवी बाजू गेली, पम्या

धरमपेठ, नागपूर
१ जून

प्रिय पम्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहून राहिलो ते कबुली द्यायला. एकदाच लिहितो, परत विचारू नको: तू बरोबर होतास. आपण दोघांनी जोडलेल्या पॅटन रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलची उजवी बाजू गेली. पहिलं, तिसरं आणि चौथं चाक पिनेसकट तुटून टेबलावर. डावी, म्हणजे तू जोडलेली बाजू, शाबूत आहे. हस बे, हस.

घरी ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर डॉक्टरच्या मते 'काठावर'. नवतपा चालू आहे, पारा ४५ वरून खाली यायचं नाव घेत नाही.

तर झालं असं. खालच्या हलला, म्हणजे रणगाड्याच्या धडाला, वॉश दिला, म्हणजे मळ दाखवायला पातळ तेलरंग. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा, कॅमलच्याच ट्यूबमधला, आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवून तेल शोषून घेतलेला. इथवर तुझ्या पोथीप्रमाणे. पण पातळ करायला तू सांगितलेलं बिनवासाचं व्हाइट स्पिरिट संपलं होतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं साधं टर्पेंटाइन घेतलं. आणि पिन वॉश, म्हणजे बारीक टोकाने फक्त खाचांत, देण्याऐवजी चांगला ब्रश भरून आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, सांध्यात सोडला, खाली चिखलच येणार म्हणून. सकाळी चाकाला बोट लावलं आणि कट्!

रंग विरघळला नाही, प्लास्टिकही मऊ पडलं नाही. आर्म चाकाच्या पिनेच्या मुळाशी काचेसारखा तुटला, तुटलेला भाग अगदी स्वच्छ. कारण तुला माहीतच आहे, तरी मला लिहू दे, म्हणजे मन हलकं होईल. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, नुसतं वॉशने भिजलं तर फारसं बिघडत नाही. पण ते ताणात असेल तर थिनर बारीक फटीतून आत शिरतो आणि जिथे ताण आहे तिथेच चीर पाडतो. माझ्या पिना जाड होत्या, चाकाच्या भोकात बसत नव्हत्या, मी अंगठ्याने दाबून बसवल्या. म्हणजे ताण मीच भरून ठेवला होता. वर सगळं जोडून झाल्यावर रंग मारला, त्यामुळे चाकामागे आणि सांध्याच्या आत प्लास्टिक उघडं राहिलं. थिनरला आणखी काय पाहिजे? शिवाय दुकानातल्या टर्पेंटाइनचा तो जो उग्र वास, तोच भाग प्लास्टिकला जास्त खातो.

तू प्रत्येक पिन ४०० च्या पॉलिश पेपरवर दोनदा फिरवलीस, चाक आपल्या वजनाने घरंगळत आत जाईल इतकी. प्रत्येक आर्म जोडायच्या आधी प्रायमरमध्ये न्हाऊन निघाला. मी तेव्हा म्हणालो होतो, "बाराच्या बारा चाकं सुटी रंगवतो, लग्नाची वांगी भरून राहिला काय?" नंद्याच्या गच्चीवर त्यावरून दोन तास जुंपली होती. नंद्याच्या आईने पोहे थंड होऊन राहिले म्हणून दोघांनाही हाकललं होतं. तर्री नुसती वाया गेली. काकूंना सांग, निकाल लागला.

टरेटची, म्हणजे वरच्या तोफेच्या घुमटाची, गंमत वेगळीच. ते आधी पूर्ण झालं होतं. दुपारी कूलरसमोर बसून लॅकरचं मॅट वार्निश मारलं आणि पाच मिनिटांत ऑलिव्ह टरेट भस्म फासल्यासारखं पांढरं. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, पण खोलीत कूलर सगळा ओलावा ओतून राहिला. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ती वाफ धरते आणि वार्निशमध्येच अडकते. खसाची एक काडीही चिकटली, ती वेगळी. सुदैवाने याला औषध आहे: तामिया कंपनीचं एक्स-२२ हे चकचकीत पारदर्शक वार्निश, लॅकर थिनरमध्ये पातळ करून, हलका हात मारला, धुकं निघून गेलं. मग पहाटे सहाला, कूलर तासभर आधी बंद करून, परत मॅट. घामाच्या धारा लागल्या पण टरेट वाचलं.

आता चांगलं सांगतो, नाही तर म्हणशील भैताड नुसता रडून राहिला. रंग मस्त बसला. एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब, वरच्या सपाट भागांवर त्यातच पाचवा हिस्सा एक्सएफ-५७ बफ. या उन्हात रंग एअरब्रशच्या नोझलच्या टोकाशीच वाळतो आणि मग थुंकतो, म्हणून रंगाच्या दीडपट थिनर आणि १० मिलीला चार-पाच थेंब रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा वाळतो. दाब १५ पीएसआयच्या वर नेला नाही. चिपिंग, म्हणजे रंग उडाल्याचे टवके, स्पंजने, गडद तपकिरी, फक्त हॅचच्या कडांना आणि चढायच्या जागी. हात आवरता घेतला, कारण १/३५ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर पावणेदोन सेंटिमीटरचा टवका. ट्रॅकला, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्याला, गंज फासला नाही, हे वाचून खूश होशील. पॅटनचे पॅड रबरी, त्यांना कसला गंज? ते काळपट धुळकट करडे ठेवले. फक्त कनेक्टर आणि मधले दात लोखंडी, आणि दातांच्या ज्या बाजू चाकाला घासतात तिथे ६बी पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने चोळलं.

चिखलावरून मात्र मी अजून ऐकणार नाही. 'खरी माती ती खरी माती' म्हणून तू अमरावती रोडवरून जी पिशवी भरून आणली होती ती तशीच पडून आहे. अरे, आपली माती कापसाची, काळी कुळकुळीत! रणगाडा आहे खेमकरणचा. तिथली पंजाबची गाळाची माती, सुकली की फिकट करडी-पिवळट, भिजली की तपकिरी. काळ्या मातीतली पॅटन पाहून कोणीही विचारेल, पाकिस्तानी काटोलपर्यंत आले होते काय? आणि दाणा बघ: एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची गिट्टी. वस्त्रगाळ करून, तव्यावर भाजून घेतली तर भर म्हणून चालेल, नाही तर पावसाळ्यात बुरशी धरेल. रंग पिगमेंटचाच, म्हणजे सुक्या रंगाच्या भुकटीचा. आधी सुका फिकट थर, मग गडद, आणि ओली चमक अगदी शेवटी, फक्त खाचांत.

आता मुद्द्याची गोष्ट, चार दिवस हीच डोक्यात आहे. दुरुस्ती सोपी आहे: तुटलेल्या दोन्ही तोंडांना अर्ध्या मिलिमीटरचं भोक, इतवारीतल्या सराफा ओळीतून आणलेली पितळी तार, सुपरग्लू. पण उरलेल्या तीन आर्मचं काय? त्यांनीही तेच टर्पेंटाइन प्यायलंय. पाचव्यावर केसाएवढी पांढरी रेघ दिसते. आत्ताच काढू की पडायची वाट बघू? काढायला गेलो तर हलचं भोक फाटायची भीती. नाही काढले आणि चिखल, गवत, तळ सगळं झाल्यावर दिवाळीत पडले तर?

मग मनात आलं, तिला रुतवूनच टाकू. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळचं असल उत्तर. आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतं भिजवली, उसातून येणाऱ्या पॅटन चिखलात फसल्या, कित्येक तशाच सोडून पाकिस्तानी पळाले. उजवी बाजू चाकांच्या निम्म्यापर्यंत गाळात, डावी बांधावर. इथे एक बारकावा माझ्या फायद्याचा आहे. पोट गाळावर टेकलं की त्या बाजूच्या चाकांवरचा भार जातो आणि टॉर्शन बार, म्हणजे आर्मची स्प्रिंगसारखी दांडी, आर्मला खाली ढकलतो. म्हणजे उजवीकडचे आर्म तसेही खालच्या कोनात नव्याने बसवायला हवेत. डावीकडचे, भार घेतलेले, तुझे, आहेत तसेच बरोबर. तुटलं ते कामालाच आलं, असं म्हणता येईल.

पण तू म्हणशील, ही लपवाछपवी आहे. मला रात्री दोनला तुझा आवाज ऐकू येतो, "चिखल म्हणजे पुट्टी नाही बे." म्हणून आधी सहाही आर्मला तार, मगच गाळ. गाळ पाण्याचाच करणार: प्लास्टर, पिगमेंट, ॲक्रिलिक मॅट मीडियम. पिगमेंट बसवायला व्हाइट स्पिरिटचा थेंबही नाही. आणि थर एका वेळी दोन मिलिमीटरच्या वर नाही, नाही तर सुकताना या हवेत भेगा पडतात. फुटाळा तलावाच्या काठासारख्या. पाणी सोडलेल्या शेतात भेगा कुठून येणार?

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे, अभिनंदन. छकुलीचे दात आले का? वहिनींना संत्रा बर्फी पाठवतो, तू खाऊ नको.

एक काम कर. माझा पिन व्हाइस, बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल, तुझ्याकडे आहे. नाही म्हणू नको, निळ्या मुठीचा, पुण्याला जाताना तुझ्या डब्यात गेला. त्यासोबत ०.५ ची दोन ड्रिल बिट टाक, एक मी नक्की मोडणार. आणि पाचव्या आर्मबद्दल काय ते लगेच कळव.

तुझा,
बाळ्या

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बघून आलो. पाचवा आहे जागेवर. सहावा गेला.