काढलेला कोच घ्यावा का? आधी त्याला का काढलं ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलचा सीझन सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की कुठली ना कुठली टीम तळाला जाऊन अडकते, मग त्यांचा कोच जातो आणि लगेच वाद सुरू होतो की दुसऱ्या क्लबने नुकताच नारळ दिलेला अमुक एक कोच रिकामाच आहे तर त्याला घ्यावं का. हा वाद दरवेळी दोनच वाक्यांवर येऊन अडतो. एक म्हणजे "तिकडे जमलं नाही तर इकडे काय दिवे लावणार" आणि दुसरं "मोठं नाव आहे, घेऊन टाका". मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्ही बाजू मूळ प्रश्नच विचारत नाहीत. त्याला काढलं का? आणि आपल्याकडे जे खेळाडू आहेत ते त्याच्या पद्धतीने खेळू शकतात का?

माझं मत आधीच सांगून टाकते. घ्यावा, बिनधास्त घ्यावा, पण ही दोन उत्तरं हातात असतील तरच.

कार्लो अँचेलोटीचंच बघा. डिसेंबर २०१९ मध्ये इटलीच्या नापोलीने त्याला काढलं आणि ते कधी काढलं, तर चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, गेंकला ४-० हरवून टीम बाद फेरीत पोचली त्याच रात्री. लीगमध्ये निकाल खराब होते हे खरं आहे, पण त्याच्या महिनाभर आधी क्लबच्या अध्यक्षांनी सगळ्या टीमला कॅम्पमध्ये डांबायचं ठरवलं होतं आणि खेळाडूंनी तिथे जायला सरळ नकार दिला होता. म्हणजे मालक आणि ड्रेसिंग रूम यांच्यात जुंपलेली आणि मधे सापडला कोच. इंग्लंडच्या एव्हर्टनने दोन आठवड्यांच्या आत त्याला घेतलं. ती टीम तेव्हा खालच्या भागात चाचपडत होती, सीझन संपेपर्यंत ती बाराव्या नंबरवर आली आणि रेलीगेशनची (वीसपैकी शेवटच्या तीन टीम खालच्या लीगमध्ये जातात त्याची) भीती गेली. नंतर हाच माणूस रियाल माद्रिदला परत गेला आणि २०२२ आणि २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. मग नापोलीने काढलं म्हणजे त्याला कोचिंग येत नव्हतं का? ज्यांनी तेव्हा "संपला आता" असं लिहिलं त्यांनी काढण्यामागचं कारण बघितलंच नव्हतं.

याहून जुनं आणि माझ्या मते याहून चांगलं उदाहरण रॉय हॉजसनचं आहे. लिव्हरपूलने जानेवारी २०११ मध्ये त्याला जेमतेम सहा महिन्यांत काढलं, फॅन्स तर त्याच्यावर प्रचंड चिडलेले होते. पुढच्याच महिन्यात वेस्ट ब्रॉमने त्याला घेतलं तेव्हा ते रेलीगेशनच्या अगदी तोंडाशी होते. सीझन संपला तेव्हा वेस्ट ब्रॉम अकरावे. हॉजसनची पद्धत कुठली, तर दोन ओळींत शिस्तीत उभं राहायचं, जागा सोडायची नाही, तेच तेच ड्रिल रोज करायचं. लिव्हरपूलसारख्या क्लबच्या खेळाडूंना आणि फॅन्सना ते कोंडल्यासारखं झालं, आणि वेस्ट ब्रॉमला नेमकं तेच हवं होतं कारण त्यांचा डिफेन्स गळत होता. माणूस तोच आणि काम पण तेच, फक्त टीम बदलली.

आणि गंमत अशी की वेस्ट ब्रॉमने त्याच्यासाठी ज्याला काढलं तो रॉबेर्तो दी मात्तेओ नंतर चेल्सीत असिस्टंट म्हणून गेला, मार्च २०१२ मध्ये तिथल्या कोचला काढल्यावर त्याला तात्पुरतं बसवलं आणि मे महिन्यात म्युनिकला बायर्नच्या घरच्या मैदानात चेल्सीने पेनल्टीवर चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याने फार मोठे बदल पण केले नव्हते, जे सीनियर खेळाडू नाराज होऊन बसले होते त्यांना परत विश्वासात घेतलं आणि डिफेन्स घट्ट केला, बस्स. नोव्हेंबरमध्ये चेल्सीने त्यालाही काढलं ते वेगळं.

आता उलट बाजू. अँज पोस्टेकोग्लूला टॉटनहॅमने जून २०२५ मध्ये काढलं. त्याच्या पंधरा-सोळा दिवस आधी त्याने त्यांना युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा, जिंकून दिली होती, २००८ नंतरची त्यांची पहिली ट्रॉफी, पण लीगमध्ये ३८ पैकी २२ मॅच हरून टीम सतराव्या नंबरवर होती. सप्टेंबरमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने आपला कोच नुनो याला काढून पोस्टेकोग्लूला आणलं. आता फॉरेस्टचे खेळाडू कसे तयार झालेले? मागे खोलवर बसायचं, पेनल्टी एरिया सांभाळायचा आणि बॉल मिळाला की काउंटर अटॅक. आदल्या सीझनला ते याच खेळावर सातवे आले होते. पोस्टेकोग्लूचं याच्या बरोब्बर उलटं, डिफेन्सची लाईन पार हाफवेपर्यंत वर, फुल बॅक (कडेचे डिफेंडर) आत मधे, सतत प्रेसिंग, म्हणजे बॉल असलेल्या खेळाडूवर धावून जाणं. हे शिकवायला पूर्ण प्रीसीझन (सीझनआधीचा सरावाचा काळ) लागतो आणि त्याला मिळाले काही दिवस, त्यात मधल्या दिवसांत युरोपच्या मॅचेस. ३९ दिवसांत आठ मॅच झाल्या, एकही जिंकली नाही आणि १८ ऑक्टोबरला चेल्सीकडून ०-३ हरल्यावर काही मिनिटांतच त्याची सुट्टी झाली.

यात लोक म्हणाले बघा, काढलेला कोच घेतला की असंच होतं. मला हे अजिबात मान्य नाही. हा कोच काढलेला होता म्हणून फसला नाही, तर फॉरेस्टच्या बोर्डाने आपली टीम कशी बांधलीय याचा विचार न करता त्याला उचलला म्हणून फसला. टॉटनहॅमला त्याच्या टीमने वर्षभर जे गोल खाल्ले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितले होते, ती माहिती काही लपलेली नव्हती. त्याला अशा मधल्या काळात आणायचंच नव्हतं, आणायचं तर मे-जूनमध्ये, खेळाडू त्याच्या पद्धतीचे घेऊन, आणि मग एक वर्ष तरी गप्प बसायचं.

सीझनच्या मधे कोच घेताना त्याची पद्धत शिकायला किती वेळ लागतो हा मुद्दा सगळ्यात मोठा असतो आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. शनिवारी मॅच, मंगळवार-बुधवारी परत मॅच, मधला दिवस रिकव्हरीचा, म्हणजे खरी प्रॅक्टिस आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस. एवढ्यात डिफेन्सचं अंतर कमी करता येतं, कॉर्नर आणि फ्री किक बसवता येतात, कोणाला कुठे खेळवायचं ते सुधारता येतं. पण मागून पास देत देत वर यायचं, सगळ्यांनी एकाच क्षणी प्रेस करायचं, हे नाही जमत, चुका होतात आणि तळाच्या टीमला एक चूक म्हणजे एक गोल. म्हणून शॉन डायचसारखा कोच तिथे कामाला येतो. बर्नलीने त्याला एप्रिल २०२२ मध्ये साडेनऊ वर्षांनी काढलं (आणि तरी बर्नली खाली गेलीच!). जानेवारी २०२३ ला एव्हर्टन एकोणिसावी असताना तो तिथे आला. पहिल्याच मॅचमध्ये टेबलवर पहिल्या असलेल्या आर्सेनलला १-० हरवलं, गोल टारकोव्स्कीचा, कॉर्नरवर हेडर. हा टारकोव्स्की बर्नलीला डायचच्याच हाताखाली खेळलेला, मॅकनील पण तिथलाच. म्हणजे त्याची भाषा समजणारे लोक आधीच टीममध्ये होते. शेवटच्या दिवशी बोर्नमथला १-० हरवून एव्हर्टन सतराव्या नंबरवर वाचली. तो खेळ दिसायला सुंदर नव्हता, पण त्या वर्षी त्या टीमची गरज तीच होती.

एका गोष्टीवर मात्र मी सावध राहायला सांगेन. नवा कोच आला की दोन-चार मॅच जिंकतात आणि सगळे म्हणतात जादू झाली. बास टेर वेल या अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे सीझन तपासले होते, त्यात कोच काढणाऱ्या टीम सावरल्या हे खरं, पण तसाच खराब काळ चालू असताना ज्यांनी कोच ठेवला त्याही जवळपास तशाच सावरल्या. म्हणजे थोडं तरी श्रेय नुसतं वाईट दिवस संपण्याचं असतं. त्यामुळे पहिल्या महिन्याच्या निकालावरून नव्या कोचला डोक्यावर घेऊ नये आणि जुन्याच्या माथी सगळं खापर फोडू नये. इटलीतल्या सालेर्निताना क्लबने जानेवारी २०२३ मध्ये अटलांटाकडून ८-२ हरल्यावर दाविदे निकोलाला काढलं, दोन दिवसांत परत बोलावलं आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा काढलं. असल्या क्लबमध्ये कोणीही कोच येवो, तो काय करणार.

पैशाचं पण बोलायला हवं. जो कोच दुसरीकडे नोकरीत आहे त्याला उचलायचं तर आधीच्या क्लबला भरपाई द्यावी लागते. चेल्सीने सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रायटनला ग्रॅहम पॉटर आणि त्याच्या स्टाफसाठी २ कोटी पौंडांहून जास्त मोजल्याच्या बातम्या होत्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याला काढलं सुद्धा. म्हणजे "यशस्वी, चालू नोकरीतला" कोच ही काही गॅरंटी नाही. काढलेला कोच असल्या भरपाईशिवाय मिळतो, उद्यापासून कामाला येऊ शकतो, आणि वाचलेला पैसा जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोमध्ये एखादा डिफेंडर घ्यायला वापरता येतो. तळाच्या टीमला हे फार महत्त्वाचं आहे कारण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, खेळाडूच कमी पडत असतील तर कोच काय करेल. क्लाउडिओ रानिएरीच्या दोन नोकऱ्यांत हेच दिसतं. फॅरो आयलंड्सकडून घरच्या मैदानात हरल्यावर ग्रीसने २०१४ मध्ये त्याला काढलं, पुढच्या उन्हाळ्यात लेस्टरने घेतलं तेव्हा लोकांनी क्लबला वेड्यात काढलं, आणि २०१६ मध्ये त्याने प्रीमियर लीग जिंकली. पण तिथे वार्डी, महरेझ होते, कांते नवीन आला होता, आणि आदल्या सीझनच्या शेवटच्या ९ पैकी ७ मॅच त्या टीमने आधीच्या कोचच्या हाताखाली जिंकल्या होत्या. रानिएरीने शहाणपणा हा केला की जुना स्टाफ ठेवला आणि चालू घडी फारशी विस्कटली नाही. त्याच रानिएरीला २०१८ मध्ये तळाच्या फुलहॅमने आणलं तर साडेतीन महिन्यांत काढावं लागलं, कारण तिथे घडीच बसलेली नव्हती.

मग नको कोणाला म्हणायचं? ज्याचं काढण्याचं कारण प्रत्येक क्लबमध्ये तेच निघतं त्याला. एकदा मालकाशी वाजलं तर समजू शकतो, एकदा टीम चुकीची मिळाली समजू शकतो. पण तीन क्लबमध्ये तिन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खेळाडूच बोलेनासे झाले असतील तर ते चौथीकडे पण होणार, आणि तळाच्या टीमला खेळाडू आणि कोच यांच्यातलं भांडण परवडत नाही. असा माणूस कितीही ट्रॉफ्या घेऊन आला तरी मी बोर्डावर असते तर हात जोडले असते. आणि हे कळण्यासाठी त्याची ट्रॉफीची यादी बघून उपयोग नाही, त्याच्या आधीच्या क्लबच्या कॅप्टनला, फिजिओला, ॲकॅडमीच्या कोचला फोन करावे लागतात. मुलाखतीत त्याला सरळ विचारावं की तिथे काय चुकलं, आणि जो सगळा दोष दुसऱ्यांवर टाकेल त्याच्यापासून लांब राहावं.

संपादक महोदय, तुमच्या क्रीडा पानाकडून पण एक अपेक्षा आहे. कोच नेमल्याच्या बातमीत "हकालपट्टी झालेला" एवढंच विशेषण लावून सोडून देऊ नका. त्याला काढलं तेव्हा टीम कितव्या नंबरवर होती, किती महिने मिळाले होते, खेळाडू त्याने निवडले होते की वरून आले होते, आणि नव्या क्लबमध्ये त्याच्या पद्धतीचे किती खेळाडू आहेत, एवढं चार ओळींत दिलंत तरी आम्हा वाचकांना स्वतःचं मत बनवता येईल. जागा नसेल तर मालकांच्या फोटोची साईज थोडी कमी करा.

आपली,
एक नियमित वाचक