साचा 12.16 मिलिमीटरचा का?

माननीय संपादक,

प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी आता सिरॅमिककडे वळावे, असे गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत अधूनमधून बोलले जाते. मशीन आहे, साचेकार आहेत, फक्त हॉपरमधला (मशीनच्या वरच्या नरसाळ्यातला) दाणा बदलायचा, असा त्यामागचा हिशेब. तो फसवा आहे.

सिरॅमिक म्हटले की आपल्याला डिचोलीची मडकी नाहीतर न्हाणीघरातल्या टाइल्स आठवतात. इथे प्रश्न आहे तो ऑप्टिकल फायबरच्या जोडातल्या फेरुलसारख्या (तंतूचे टोक धरणाऱ्या बारीक नळीसारख्या) भागांचा. त्याचा बाहेरचा व्यास 2.5 मिमी आणि मधले भोक 125 मायक्रॉनच्या तंतूपुरते. झिर्कोनिया या सिरॅमिकची मायक्रॉनहून बारीक पूड मेण, पॉलिएथिलीन आणि थोड्या स्टिअरिक अ‍ॅसिडमध्ये गरम मळून साच्यात दाबतात. घनफळाने पूड 55 टक्के धरू, बाकीचा बाइंडर, म्हणजे पूड धरून ठेवणारे हे मेण वगैरे. बाइंडर काढून भाग भाजला आणि घनता 99 टक्क्यांपर्यंत पोहोचली, की प्रत्येक माप सुमारे 17.8 टक्के आक्रसते. म्हणून 10 मिमीच्या भागाला साचा 12.16 मिमीचा लागतो.

खरी मेख तोलकाट्यात आहे. बाइंडर पुडीहून खूप हलका, म्हणून 100 किलो मिश्रणात तो जेमतेम 11.4 किलो. त्यात अर्धा किलो जास्त पडला की पूड 54 टक्क्यांवर येते आणि त्याच साच्यातून भाजून निघालेला भाग 9.94 मिमी भरतो. सहनमर्यादा साधारण अर्धा टक्का, म्हणजे किमान 9.95 हवे. अख्खा घाणा बाद! मोल्डिंगआधी थोडे मिश्रण तोलून, जाळून, उरलेली पूड पुन्हा तोलली तर ही चूक त्याच दिवशी पकडता येते. न भाजलेले भाग आणि रनर (साच्याच्या वाटेत गोठलेला माल) दळून परत वापरता येतात. भाजलेला भाग मात्र भंगारच, कारण नंतर माप सुधारायचे तर हिऱ्याच्या चाकाने घासावे लागते आणि तो खर्च भागाच्या किमतीला गिळतो.

आपल्या पावसाळ्याचेही भान हवे. इतकी बारीक पूड हवेतली ओल पटकन धरते. मळताना त्या ओलीची वाफ होते, गुठळ्या राहतात, भागात बुडबुडे येतात. मळण्याआधी 120 अंशांवर वाळवून, बंद डब्यात ठेवूनच तोलावी.

मोल्डिंगमध्येही प्लास्टिकच्या सवयी अंगलट येतात. हे मिश्रण उष्णता लवकर सोडते. गेट, म्हणजे माल साच्यात शिरायचे तोंड, आधीच गोठले तर भरल्यावर धरून ठेवलेला दाब (होल्डिंग प्रेशर) आत पोहोचत नाही आणि पोकळी राहते. म्हणून साचा कोमट ठेवावा, गेट मोठे घ्यावे आणि प्रत्येक शॉट (एका वेळी साच्यातून निघालेला माल) तोलावा, हलका भरला तर आत पोकळी आहे असे समजावे. दोन प्रवाह जिथे भेटतात ती रेघ प्लास्टिकमध्ये खपून जाते. इथे ती भट्टीतून तडा होऊन बाहेर येते. पूड स्क्रू-बॅरलही झिजवते, पांढऱ्या भागावर काळे ठिपके दिसले की लोखंड मिसळले. साध्या स्टीलचा स्क्रू इथे टिकत नाही.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो बाइंडर काढताना. मेण आधी द्रावकात विरघळवून काढले तर आत वाटा मोकळ्या होतात. उरलेले साधारण 150 ते 450 अंशांदरम्यान अगदी सावकाश जाळायचे. घाई केली की वायूला वाट मिळत नाही, भाग फुगतो किंवा चिरतो. भिंतीची जाडी दुप्पट तर वेळ जवळपास चौपट, म्हणून जाड भागांच्या ऑर्डरी सुरुवातीला घेऊच नयेत. त्यानंतर झिर्कोनिया 1400 ते 1500 अंशांवर भाजतात, अ‍ॅल्युमिना हे दुसरे सिरॅमिक 1600 च्या आसपास.

ही जाळणी रात्रभर चालते आणि जून-जुलैत नेमकी तेव्हाच वीज जाते. पंखा थांबला की बाइंडरची वाफ भट्टीतच कोंडते, आणि ती पेट घेणारी असते. भट्टीचे हीटर जनरेटरवर चालवणे लहान कारखान्याला परवडणार नाही. पण धूर ओढणारा पंखा आणि कंट्रोलर यांना स्वतंत्र बॅकअप द्यायला फार पैसा लागत नाही. आयटीआयमध्ये मोल्डिंग शिकवताना भट्टीचा तापक्रम लावणे आणि मिश्रण जाळून तपासणे या दोन गोष्टी घातल्या, तर नव्या मशीनची मागणी वर्षभर थांबली तरी चालेल.

— एक टूलरूम तंत्रज्ञ, वेर्णा