बाबा, संगणक इतक्यात विकू नका

पुणे,
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

बाबा, आपल्या विंडोज १० वर स्क्रीनभर येणारी ती सूचना काय म्हणते, आणि बेळगावचा दुकानदार सांगतोय तसं विंडोज ११ टाकून घ्यावं का, हे तुम्ही विचारलंत. फोनवर अर्धवट बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच, तुझ्या अभंगांचा प्रश्न आहे.

विंडोज १० साठी सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या देणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. म्हणून मशीन बंद पडत नाही. तुम्ही बघताच आहात, सगळं चालतंय. पण त्यात नवीन त्रुटी सापडली की ती तशीच राहते, आणि अशा त्रुटी शोधणारे लोक काही थांबत नाहीत. वाचनालयाची यादी एवढंच त्यात असतं, तर इंटरनेट काढून टाका म्हटलं असतं. पण पेन्शन तुम्ही तिथंच बघता. गल्लीतले लोक 'भूमी' या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवरून उतारा काढायला तुमच्याकडंच येतात, त्यांचे सर्व्हे नंबर, मोबाईल नंबर तिथंच टाइप होतात. विश्वासानं आलेल्या माणसांची माहिती आहे ती. त्यामुळं 'चालतंय की' म्हणून सोडून द्यायला माझं मन धजत नाही.

तरी दुकानदाराला नाही सांगा. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपला सहाव्या पिढीचा. अट चुकवून ११ बसवता येतं, तो तेच करणार आहे. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्यासाठी बदलायचं तेच पक्कं नसेल तर बदलायचं कशाला? शिवाय चार जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क, त्यावर ११ रखडतच चालणार.

आता करायचं ते असं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथं नावनोंदणीचा पर्याय दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. याच आठवड्यात करा. खातं उघडताना जो कोड येईल तो फक्त स्क्रीनवर टाकायचा. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' असा कुणाचा फोन आला तर ठेवून द्यायचा, कितीही गोड बोलू दे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. वाचनालयाची यादी आणि आईच्या भजनी मंडळाचे अभंग तुम्ही जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेत. त्या फायलींत आत मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरांची चिन्हं आहेत, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाईल उघडली तर नुसता गोंधळ दिसतो. उद्या ११ घ्या, नवीन मशीन घ्या, काहीही करा, त्या फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर तिथं चालेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांची तुमची मेहनत अशी एका फॉन्टवर टांगलेली असावी, हे मला सहन होत नाही. म्हणून हे वर्ष सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, आणायला वापरूया. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार हमखास इकडंतिकडं होतात. आई, अभंग तुझे तोंडपाठ, तेव्हा तपासायचं काम तुझ्याकडं. चूक तुझ्या नजरेतून सुटणार नाही.

आणि बाबा, पुढचं टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सामाईक कळफलकावर, सुरू करा. बोटांना टाइपरायटरची सवय आहे, सुरुवातीला जड जाईल, माहीत आहे. पण ज्या कळीवर मराठी 'क' आहे, त्याच कळीवर कन्नडमध्येही 'क' असतो. खानापूरच्या तहसील कचेरीत द्यायचा कन्नड अर्ज तुम्हाला त्याच बोटांनी टाइप करता येईल. दुसऱ्याकडं जायला नको.

पाडव्याला येईन तेव्हा लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमचा, पेनड्राइव्ह आणते. हार्डडिस्कला हात न लावता तो थेट चालवून बघता येतो. फुकट आहे, इनस्क्रिप्ट त्यातही आहे. जमलं तर एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घालून तेच कायमचं बसवू, तुमच्या बाकीच्या कामांना तेवढं पुरेल. नाहीच आवडलं तर ऑक्टोबरच्या आत नवीन मशीन घेऊ, पैशांचा विचार करू नका. जे करायचं ते मात्र मृगाआधी. आपल्याकडच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि नवीन सिस्टीम बसताना मध्येच लाईट जाणं वाईट.

तोवर सगळ्या फायली दोन पेनड्राइव्हवर घ्या. एक घरी, एक वाचनालयाच्या कपाटात. जुन्या फॉन्टची सीडीही जपून ठेवा, युनिकोडचं काम संपेपर्यंत लागेल. आणि प्रिंटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, मिंटवर तो चालतो का ते इथूनच बघून ठेवते.

तुमची लेक